ताई, भट्टीत रविवारी नाटक आहे

ताई, आधीच सांगते, रागावू नका. तुमच्या पुण्यानुमोदनाला मी रडले नाही. अख्खं सौसर डोळ्यांना पदर लावून बसलं होतं आणि मी मांडवाच्या मागं बुंदी कमी पडली म्हणून आचाऱ्याशी भांडत होते. बुंदी चांगली भरपूर सांगितली होती, पण माणसंच अंदाजाबाहेर आली. बोरगावच्या बाया ट्रॅक्टर भरून आल्या. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "मंदा, मेलेल्या माणसाच्या जेवणात गोड कायले पायजे? वरण-भात वाढ अन् मोकळी हो." हे मला आचाऱ्यासमोर उभं असतानाच ऐकू आलं, अगदी तुमच्या आवाजात, आणि मी बोलता बोलता थांबले. त्याला वाटलं त्यानं मला जिंकलं. बिचारा खूश झाला.

मी का रडले नाही ते सांगते. आपलं भांडण अर्धं राहिलंय. अर्ध्या भांडणात समोरचं माणूस उठून गेलं तर बाई रडेल की चिडेल? मी चिडले. तुम्ही गेल्या म्हणजे तुम्ही जिंकल्या, असं होत नाही. म्हणून हे लिहायला बसले. आयुष्यभर तुम्हाला 'तुम्ही' म्हटलं, आता गेल्यावर काय 'तू' म्हणू. वयानं मोठी नणंद, तिला गेल्यावरही मान द्यावाच लागतो.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही सौसरला नांदत होत्या आणि दर शनिवारी पांढुर्ण्याला यायच्या. शनिवारची ती बस, जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भाविकांनी खचाखच भरलेली, तुम्ही उभ्यानं यायच्या आणि उतरल्या उतरल्या पहिलं विचारायच्या, "बबन कुठं हाये?" मला वाटायचं, भावाच्या निमित्तानं माझ्यावर नजर ठेवायला येतात. "आल्या फौजदारीण," असं मी शेजारणीला म्हणायचे. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही एकदा दारातूनच ओरडल्या होत्या, "मंदा, फौजदारीण आली, चहा ठेव." त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटेनाशी झाली.

बबन कुठं आहे, याचं उत्तर दर शनिवारी एकच असायचं. वस्तीच्या कोपऱ्यावरच्या भट्टीत. आमच्या पांढुर्ण्यात देशी दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात. माझ्या सुजाताचे बाबा, तुमचा बबन, वाईट माणूस नव्हते हे मी सांगितलं तर लोक हसतात, तुम्ही हसायच्या नाही. आपण दोघीच होतो जगात, ज्या त्यांच्याविषयी एका दमात दोन्ही बोलू शकत होतो.

आणि तुमची ती पद्धत. दुसऱ्या गावच्या बायांनी दुकानं फोडली, मडकी फोडली, पोलिसांत गेल्या. तुम्ही काय केलं, पांढरी साडी नेसून पाच-सात बाया घेतल्या आणि संध्याकाळी भट्टीच्या दारात सतरंजी टाकून बसल्या. त्रिशरण, पंचशील, सगळी वंदना, खड्या आवाजात. पाचवं शील आलं, नशा करणार नाही ते, की तुम्ही जरा थांबायच्या आणि आत जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघायच्या. बस. एक शब्द वर नाही. कितीतरी माणसं दारातून परत फिरली. आत जाऊन मात्र तुम्ही कधी कोणाला ओढून आणलं नाही. "मी त्या उंबऱ्याले पाय लावत नाही," असा तुमचा नेम होता. जिथं दारू विकतात तिथं पाय ठेवायचा नाही, लग्नाच्या मांडवात कोणी बाटली काढली तरी उठून यायचं. शेवटी भट्टी बंद झाली. पण त्याआधी सुजाताचे बाबा गेले होते.

त्या वर्षांत सुजाताला तुम्ही सौसरला घेऊन गेल्या. घरातलं रोजचं पाहण्यापेक्षा आत्याकडं शिकलेलं बरं, असं म्हणाल्या. तिथंच जयंतीच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली आणि पोट्टी परत काही खाली उतरली नाही. नाटक शिकायला थेट लंडनला गेली. माझं लेकरू तुम्ही वाचवलं, ताई. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण आपल्यात असं बोलायची रीतच नव्हती. आता म्हणते. माझं लेकरू तुम्ही वाचवलं.

तर आता त्या लंडनच्या दुपारकडे येते, कारण भांडण तिथं सुरू झालं.

सुजाताचं शिक्षण संपत आलं होतं, तिचं शेवटचं नाटक होतं, तिनं आपल्या दोघींना बोलावलं. तुमच्या पांढऱ्या साडीवर तिचा काळा लांब कोट, पायात मोजे आणि वर चपला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही वकिलीण दिसून राहिल्या." तुम्ही म्हणाल्या, "अन् तू आरोपी." माझ्या अंगावर दोन स्वेटर आणि कानाला मफलर होता, त्यामुळं मला उलट बोलता येईना.

थिएटर जुनं आहे, दोनशे वर्षांचं, असं सुजातानं सांगितलं होतं. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काळ्या लाकडाची ती इमारत, खिडक्यांना रंगीत काचा, वर सोनेरी अक्षरं. दारापाशी येऊन पोरगी थांबली. "आत्या, एक गोष्ट आहे," म्हणाली. "थिएटर मागच्या खोलीत आहे. आत जायचा रस्ता बारमधून आहे."

"कशातून?"

"बारमधून. हा पब आहे, आत्या. इथं असंच असतं. समोर पब, मागं थिएटर. फार जुनं आहे, लोक मानतात याला."

तुम्ही काचेतून आत पाहिलं. पितळेच्या तोट्या, उलटे टांगलेले ग्लास, भर दुपारी हातात ग्लास धरून उभी असलेली माणसं. तुम्ही म्हणाल्या, "मतलब हे इंग्रज आपल्याकडं यायच्या आधीपासून इथं भट्टी चालवून राहिले."

सुजाताला तयार व्हायचं होतं. "तुम्ही या, मी आत सांगून ठेवते," म्हणत ती पळाली. मी तिच्या मागं निघाले. मला त्या वेळी दारू-बिरू काही दिसत नव्हती, पोरगी दिसत होती. तुम्ही माझा पदर धरला. म्हणजे मफलर धरला.

"मंदा, मी इथंच उभी राह्यते."

"इतक्या दूर येऊन?"

"नेम हाये."

नेमापुढं मी काय बोलणार. थंडी अशी की नाक जागेवर आहे की नाही ते हाताला कळेना. लोक आत-बाहेर करत होते आणि तुम्ही त्या दारात उभ्या. मग तुम्ही तेच केलं, जे तुम्हाला दारूच्या दुकानाच्या दारात करता येत होतं. दुसरं तुम्हाला माहीतच नव्हतं. चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले, आणि सुरू. खड्या आवाजात. लंडनच्या भर रस्त्यावर.

मी आधी इकडं तिकडं पाहिलं, पोलीस कुठून येतो ते. मग माझेही हात जोडले गेले. सवयच ती. तुमच्या मागं म्हणायला लागले.

त्या लोकांना वाटलं, नाटक दारातूनच सुरू झालं. खरंच सांगते. आतली एकेक बडबड थांबत गेली. काउंटरमागच्या बाईनं गाणी बंद केली. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. एकानं टाळ्या वाजवायला हात उचलले, तर त्याच्या बायकोनं ते धरून खाली केले. आणि तुम्ही पाचव्या शीलावर आल्या, थांबल्या, डोळे उघडले, आणि रीतीप्रमाणे समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं. तो टोपीवाला म्हातारा होता. त्याच्या हातात भरलेला ग्लास. त्यानं तो हळूच टेबलावर ठेवला, असा की जणू मास्तरांनी पाहिलं. ताई, मला हसू दाबता दाबता खोकला आला.

काउंटरची ती बाई खुर्ची घेऊन बाहेर आली. तेवढ्यात सुजाता आली धावत, अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा कोरा. तिला वाटलं काहीतरी भांडण झालं. बाईनं तिला विचारलं, या काय म्हणाल्या. सुजातानं सांगितलं की नशेपासून दूर राहीन असं म्हणाल्या. ती बाई हसली नाही. म्हणाली, मीसुद्धा सोडलीय.

तुम्ही म्हणाल्या, "तर मग हे इथं काय करून राहिली?"

सुजातानं विचारून सांगितलं, "ती म्हणते, मागं नाटक चालतं ना. समोरचं चाललं तर मागचं चालतं."

हे तुम्हाला पटलं नाही. तुमचा चेहराच सांगत होता. सुजाता तुमच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आत्या, नसेल यायचं तर नका येऊ. मी खेळ झाल्यावर बाहेर येऊन तुमच्यासाठी करून दाखवीन. इथं, रस्त्यावर. मला चालेल." आणि ती खरंच तसं करणारी पोरगी आहे.

तुम्ही खाली काढून ठेवलेल्या चपलांकडं पाहिलं. मग जे बोलल्या ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. म्हणाल्या, "मंदा, बबन आत होता तवा मी दारात बसली. दर शनिवारी बसली. आत गेली नाही कधी. नेम सांभाळत राहिली." मग सुजाताच्या कोऱ्या गालाला हात लावला. "आज पोट्टी आत हाये. आज मी दारात नाही बसत."

चपला हातात घेतल्या आणि तुम्ही आत गेल्या. देवळात जातात तसं, नुसत्या मोज्यांवर, पबमध्ये. सुजाता मागून "आत्या, काचा असतात खाली" म्हणत राहिली. लोकांनी वाट दिली.

मागची खोली केवढीशी. काळ्या भिंती, बाकड्यांच्या चार-पाच रांगा, भिंतीपलीकडून ग्लासांचा खळखळाट आणि सगळ्याला आंबूस वास. तो वास मी ओळखला आणि तुम्ही पण ओळखला, तुमचा हात माझ्या हातात होता, तो आवळला गेला. मग अंधार झाला आणि सुजाता आली. नाटक इंग्रजीत. एका बाईचं, जिचं घर पाडणार असतात. तुम्हाला शब्द कळत नव्हता, मला चारातला एक. पण पोरीनं एका ठिकाणी भिंतीला पाठ लावली आणि घसरत खाली बसली, काही न बोलता, तेव्हा तुम्ही मोठ्यानं म्हणाल्या, "हाव माय." सगळ्या खोलीत ऐकू गेलं. कोणी वळून पाहिलं नाही. सुजाताच्या तोंडावर मात्र मला दिसलं, तिला ते ऐकू आलं आणि तिला बळ आलं.

नंतर त्या काउंटरच्या बाईनं आपल्याला संत्र्याचा रस दिला. तुम्ही एक घोट घेतला आणि आपल्या संत्र्यांच्या पांढुर्ण्याची सगळी इभ्रत तोंडावर आणून ग्लास खाली ठेवला. "हे संत्रा नाही," म्हणाल्या. "हे संत्र्याची आठवण हाये." मी म्हटलं, "ताई, फुकटचा आहे, प्या." तुम्ही प्यायल्या.

परतताना दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर तुम्ही पहिल्या सीटवर बसल्या, लहान पोरीसारख्या. मला वाटलं शहर बघून राहिल्या. तुम्ही एकदम म्हणाल्या, "मंदा, आपली भट्टी खालीच हाये ना?"

मी म्हटलं, "खाली म्हणजे? रिकामी कुठं, संत्र्याचे कॅरेट ठेवतो तिथं मालक."

"कॅरेट काय, हलवता येते. खोली तेवढीच हाये. उलट मोठी हाये."

बस. तिथून सुरू.

तुमचं म्हणणं मला कळत नव्हतं असं नाही. मी तेव्हाही कळून भांडत होते. तुम्ही म्हणायच्या, यांच्याकडं दारूच्या जिवावर नाटक चालतं, आपल्याकडं दारू गेली त्या जागेवर चालू दे. वस्तीच्या पोरी, तिगावच्या पोरी, शाळा सुटल्यावर जमतील. मी म्हणायचे, समाजमंदिर काय पडलं का? शाळेचा हॉल आहे. झाडाखाली करा. तुम्ही म्हणायच्या, "समाजमंदिरात बाया आताही जातात. भट्टीत कधी गेल्या नाही. तिथं जाऊ दे त्याहिले. हासत जाऊ दे."

एकदा माझ्या स्वयंपाकघरात फारच वाढलं. तुम्ही भाकर खात होत्या, मी चुलीपुढं. मी म्हटलं, "तुम्हाला सोपं आहे, ताई. बहिणीला भाऊ शनिवारचा असतो. बायकोला रोजचा असतो. ज्या खोलीनं माझा माणूस खाल्ला त्या खोलीत मी टाळ्या वाजवायला जाऊ?" तुम्ही भाकर संपवली, ताट स्वतः घासलं, आणि जाताना म्हणाल्या, "तू नको येऊ मग. पण पोरीहिले नाही नको म्हणू." मी नाही म्हटलं नाही त्यांना. पण हो पण म्हटलं नाही.

तुम्ही मालकाकडं गेल्या. त्याला काय सांगितलं देव जाणे, म्हणजे आपण देव मानत नाही, मालक जाणे. त्यानं चाबी दिली. पोरी जमल्या. रोशनी आली तिगावहून, संत्र्याच्या बागवाल्यांची ती उंच पोरगी, जिला घरून फक्त शिवणक्लासची परवानगी होती, आणि तुम्ही तिच्या आईला जाऊन भेटल्या. तुम्ही दर शनिवारी पुन्हा यायला लागल्या, त्याच बसनं, उभ्यानं. आधी भावासाठी यायच्या, आता त्याच भट्टीत पोरींसाठी. उतरल्यावर माझ्याकडं चहा, मग तिकडं. मी चहा द्यायचे आणि दार लावून घ्यायचे.

शेवटचा फोन तुमचाच होता. "रविवारी पहिला खेळ हाये. येजो." मी म्हटलं, येणार नाही. तुम्ही म्हणाल्या, "आत नको बसू. दारात बस." जिनं एकदा दारात बसणं सोडलं, तिनं माझ्यासाठी दाराची सूट दिली होती. मला तेव्हा ते सुचलंच नाही. मी म्हटलं, "दारातही नाही." तुम्ही हसल्या, "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. रविवार यायच्या आधी सौसरहून दुसरा फोन आला. त्याविषयी मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

पुण्यानुमोदन झालं आणि रोशनी पाच-सहा पोरी घेऊन माझ्या दारात आली. सगळ्या खाली मान घालून. "काकू, खेळ पुढं ढकलला होता, आता येत्या रविवारी ठेवला. तुमी नाही म्हणसान तर नाही करत. दुःखाचं घर हाये."

मी म्हटलं, "करा. त्यांनी जमवलं ते बंद का करायचं?"

"मतलब तुमी येसान?"

"मी कायले येऊ? तुमचं तुम्ही करा."

रोशनीचा चेहरा पडला. मी दार लावलं. मग दाराला टेकून उभी राहिले आणि मला वाटलं, मी ही काय बाई झाले. तरी उघडलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

कालची गोष्ट सांगते. काल शनिवार. तुमच्या बसची वेळ झाली, मी सवयीनं दोघींचा चहा ठेवला आणि मग एकटीनं दोन्ही कप प्यायले. फार वाईट वाटलं, ताई. घरात बसवेना. भाजी आणायला म्हणून निघाले, आणि भाजीचा रस्ता भट्टीवरूनच जातो. वर्षानुवर्षं मी लांबचा वळसा घालून जायचे, काल पाय सरळ गेले. दार उघडं होतं. आतून दारुड्याचा आवाज आला.

मी जागीच थिजले. मग कळलं, पोरींची तालीम चाललीय. रोशनीनं पुरुषाचा शर्ट घातलेला, केस टोपीत, आणि ती दारुडा करत होती. काय करत होती म्हणून सांगू. डोळे फिरवते, जीभ बाहेर काढते, इकडं पडते, तिकडं पडते. बाकीच्या पोरी खिदळून राहिल्या. माझ्या डोक्यात अशी सणक गेली. म्हटलं, हे काय माकडाचं सोंग आहे? दारुडा असा असतो का?

"थांब," मी ओरडले. "असा नाही चालत तो."

पोरी एकदम माझ्याकडं वळल्या.

"जास्त झालेला माणूस झुलत नाही. तो सरळ चालायला जातो. डोक्यावर भरली घागर असल्यासारखा. एकेक पाऊल विचारून टाकतो. आणि शर्टाची वरची गुंडी लावतो, कधी नाही ती, कारण लोकांना दिसू नये. दे इकडं तो शर्ट."

मी शर्ट घातला, लुगड्यावरून. गुंडी लावली. चालून दाखवलं. सुजाताचे बाबा जसे चालायचे तसं. जितकी जास्त प्यायचे तितके ते सभ्य व्हायचे, तुम्हाला आठवतं? विजेच्या खांबाला अडले तर म्हणायचे, "भाऊ, जरा बाजू द्या." मी ते केलं, कॅरेटच्या ढिगाला म्हटलं, भाऊ, जरा बाजू द्या. पोरी हसून हसून खाली बसल्या. आणि ताई, मी पण हसले. तुमचा भाऊ आठवला मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दारू आठवली नाही, तुमचा भाऊ आठवला. किती हसवायचे हो ते.

मग पाहिलं तर मी खोलीच्या मधोमध उभी. चारी बाजूंना त्याच भिंती, चुना नवा. उंबरा माझ्या मागं राहिला होता आणि तो मी कधी ओलांडला ते मला कळलंच नव्हतं. मी कॅरेटचा ढीग धरला. रोशनीनं हात धरला. "काकू, पाणी आणू?"

मी म्हटलं, "पाणी नको. पुढचा सीन कोणता?"

पुढचा सीन असा होता की बायको भट्टीत येते आणि म्हणते, "घरी चला. पोरगी वाट पाहून राहिली." हे वाक्य त्या पोरींना कोणी दिलं ते मला विचारावं लागलं नाही. हे माझं वाक्य आहे. मी ते या दारात उभी राहून म्हणायचे, कधी हळू, कधी ओरडून, आणि आतून कोणी येत नव्हतं. तुम्ही ते दारात सतरंजीवर बसून ऐकत होत्या, दर शनिवारी. पोरींच्या नाटकात नवरा बायकोला ढकलतो आणि ग्लास पुन्हा भरतो. खरं तेच आहे. तुम्ही खरं तेच बसवलं.

रोशनीनं बायकोचा पदर घेतला. मी शर्टातच, हातात ग्लास घेऊन कॅरेटवर बसले, त्यांच्या जागी. आतल्या बाजूनं त्या दाराकडं मी कधी पाहिलं नव्हतं. उजेड इतका असतो दारात, की बाहेर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा दिसत नाही. नुसती सावली दिसते. त्यांना कधी माझा चेहरा दिसला नसेल, ताई.

ती दारातून म्हणाली, "घरी चला. पोरगी वाट पाहून राहिली."

मी ग्लास खाली ठेवला. उठले. गुंडी नीट केली. तिच्याकडं चालत गेले, एकेक पाऊल विचारत, आणि तिचा हात धरून दारातून बाहेर रस्त्यावर आले. आमच्या घराच्या दिशेनं चालायला लागले.

पोरी मागून धावत आल्या. "काकू, काकू, असं नाही लिहिलं."

मी म्हटलं, "लिहून घ्या."